फिल्टरमधल्या सुरूच्या काड्या

माझ्याकडे येणाऱ्या दहा गाडीवाल्यांपैकी आठजणांना आपल्या गाडीत एअर फिल्टर कुठे असतो हे माहीत नसतं. उरलेल्या दोघांना माहीत असतं आणि तेच जास्त घोळ घालतात.

त्यातले एक सामंत. बँकेतून निवृत्त झालेले, वसई पश्चिमेला राहणारे, शिस्तीचे गृहस्थ. एकदा गाडी चढ चढत नाही म्हणून घेऊन आले. मी बॉनेट उघडलं, फिल्टरचा डबा खोलला, तर आतला फिल्टर फुगून वेडावाकडा झालेला. कागदाच्या घड्या एकमेकींना चिकटलेल्या आणि कडेला बोट जाईल एवढी फट.

"साहेब, याला काय केलंत?"

"धुतला," ते म्हणाले. "दर महिन्याला धुतो. कपड्यांच्या पावडरीत अर्धा तास भिजवायचा, मग गच्चीत दोरीवर चिमटे लावून वाळवायचा. नवा कशाला घ्यायचा?"

"साहेब, हा कागद आहे."

"चांगल्या प्रतीचा आहे," सामंत म्हणाले.

त्यांना समजावताना मी जे सांगितलं तेच अडतीस वर्षं सगळ्यांना सांगत आलो आहे. इंजिन पेट्रोलवर चालतं असं आपण म्हणतो, ते अर्धंच खरं आहे. पेट्रोल जळायला हवा लागते, आणि ती पेट्रोलच्या कितीतरी पट लागते. गाडी चालू असताना इंजिन सारखं श्वास ओढत असतं. त्या श्वासाबरोबर रस्त्यावरची धूळ आत गेली तर सिलिंडरच्या भिंतींवर पॉलिश पेपर घासल्यासारखी घासत राहते. म्हणून वाटेत हा घड्याघड्यांचा कागद, भोवती रबराची कड, काळ्या प्लास्टिकच्या डब्यात बसवलेला. धूळ त्याने अडवायची आणि हवा तेवढी आत सोडायची. धूळ साठत गेली की हवा कमी पडते. गाडीचा पिकअप जातो, अ‍ॅव्हरेज घसरतं, डिझेल गाडी काळा धूर सोडते, आणि माणूस म्हणतो गाडी म्हातारी झाली. बऱ्याच वेळा गाडीचं फक्त नाक चोंदलेलं असतं.

गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तकात फिल्टर बदलायचं अंतर लिहिलेलं असतं, पंधरा-वीस हजार किलोमीटर किंवा असंच काहीतरी. ते लिहिणारा माणूस वसईच्या वालीव नाक्यावरून कधी गेलेला नसतो. आमच्याकडे बारा महिने कुठेतरी खोदकाम, कुठेतरी टॉवरचं काम, त्यात कारखान्यांची धूळ. मी सांगतो, पाच हजारांना उघडून बघा, दहा हजारांच्या आसपास बदलाच. बघायचं कसं, तर फिल्टर उन्हासमोर धरायचा. घड्यांमधून उजेड दिसला तर हलक्या हाताने आपटून किंवा आतल्या बाजूने बेताची हवा मारून परत बसवायचा. उजेड दिसला नाही तर नवा. पाण्याशी त्याचा संबंध येऊ द्यायचा नाही.

सामंतांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कोमट पाण्याशी पण नाही?"

अशी माणसं भेटत राहिली म्हणून अडतीस वर्षं निघाली. बाकी हे काम एकट्याचंच आहे. माणूस गाडी सोडून जातो आणि दिवसभर तुम्ही बॉनेटखाली डोकं घालून त्याच्या गाडीशी बोलत बसता. त्या बोलण्यातूनच मला एक खोड लागली. मी फिल्टर वाचायला लागलो.

प्लास्टिक दळणाऱ्या कारखान्याच्या फाटकात उभ्या राहणाऱ्या गाडीचा फिल्टर उघडला की त्या महिन्यात बादल्या कोणत्या रंगाच्या निघाल्या ते कळायचं. घड्यांच्या बुडाशी निळी नाहीतर लाल पूड. रोज हायवेने मुंबईला जाणाऱ्या गाडीचा फिल्टर काळा, जरा तेलकट, काजळी चढलेला. खाडीकडेच्या गाड्यांच्या डब्याच्या क्लिपा खाऱ्या हवेने गंजलेल्या. एका सोसायटीत दोन वर्षं उभ्या असलेल्या गाडीच्या डब्यात उंदरांनी घर केलं होतं. फिल्टरचा कागद कुरतडून त्याची गादी, वर लग्नपत्रिकेचे तुकडे आणि लहान मुलाचा एक पायमोजा. मालक परदेशातून आले होते. मी तो पायमोजा त्यांच्या हातात ठेवला, तर ते बराच वेळ तो उलटा-सुलटा करत उभे राहिले.

गिऱ्हाइकाला चार गोष्टी अशा सांगितल्या की त्याचे डोळे मोठे होतात. मला ते आवडायचं. गाडी बघून माणूस कुठून कुठे जातो ते सांगणारा मेकॅनिक म्हणून वालीवमध्ये माझं थोडंफार नावही झालं होतं. त्या नावापायी काय झालं ते आता सांगतो.

सुहास निकम नावाचे एक गिऱ्हाईक माझ्याकडे आठ-नऊ वर्षं येत होते. मूळचे साताऱ्याकडचे, वसई पूर्वेला दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहायचे, अंधेरीच्या एका औषध कंपनीत खरेदी खात्यात नोकरी. कंबरेच्या दुखण्यामुळे दोन-तीन वर्षांपासून गाडीनेच कामाला जायचे. पांढरी, छोटी गाडी. पन्नाशीचा, अंगाने किरकोळ, हळू आवाजात बोलणारा माणूस. ते रविवारी सकाळी गॅरेजात यायचे. गाडीचं काही काम असो वा नसो, बाहेरच्या बाकड्यावर पेपर वाचत बसायचे. मी काम करत करत बोलायचो, ते ऐकायचे. चहा दोन वेळा व्हायचा. अकरा वाजले की उठून म्हणायचे, "चला पाटीलदादा, घरी वाट बघतील."

माझ्या घरी वाट बघणारं कोणी नव्हतं. माझं घर जूचंद्र गावात, आता चारी बाजूंनी इमारतींनी वेढलेलं. मुलाची नोकरी बेंगळुरूला. तिकडे जुळी नातवंडं झाली तेव्हा त्यांना सांभाळायला माझी बायको सुनंदा दोन महिन्यांसाठी म्हणून गेली, त्याला दोन वर्षं झाली. गणपतीला येते आणि विसर्जन झालं की जाते. मी तिला दोष देत नाही. दोन लेकरं आणि दोघंही नोकरीला, ती तरी काय करणार. पण त्यामुळे निकमांचा रविवार मला फार महत्त्वाचा वाटायचा. कधी कधी त्यांना यायला उशीर झाला तर मी रस्त्याकडे बघत राहायचो.

एका फेब्रुवारीत, कामाच्या दिवशी दुपारी, निकमांची गाडी दारात थांबली आणि आतून त्यांच्या मिसेस उतरल्या. नाव मेधा. खाजगी शाळेत शिकवतात. मी त्यांना एक-दोनदाच पाहिलं होतं. गाडी नुकती शिकल्या असाव्यात, कारण गाडी रस्त्याला तिरकी उभी होती.

"भाऊ, हे गावी गेलेत, काकांच्या तेराव्याला. एसटीने गेले," त्या म्हणाल्या. "पुढच्या आठवड्यात त्यांचा वाढदिवस आहे. ते येईपर्यंत गाडीची सगळी सर्व्हिस करून ठेवायची आहे. त्यांना सांगायचं नाही. आणि एक बघा. एसी लावला की गाडीत वास येतो. सुकटीसारखा. मी विचारलं तर म्हणतात, मला नाही येत."

"एसीचा फिल्टर असणार," मी म्हटलं. "गाडीत दोन फिल्टर असतात वहिनी. एक इंजिनाच्या नाकाला, एक तुमच्या नाकाला. दोन्ही बघतो."

त्या बाकड्यावर बसल्या नाहीत, माझ्याजवळच उभ्या राहिल्या. आधी मी आतल्या बाजूचा एसीचा फिल्टर ओढून काढला. वाळत्या मासळीचा भपकारा आला. मग बॉनेट उघडलं. काचेखालच्या पन्हाळीत, बॅटरीच्या मागे, सगळीकडे बारीक तपकिरी काड्या साचल्या होत्या. एअर फिल्टरचा डबा खोलला तर त्यातही काड्या आणि कडेने चिमूटभर बारीक वाळू. कागद राखाडी होता. हायवेची काजळी कुठेच नव्हती.

"एवढा कचरा कुठून आला?" त्यांनी विचारलं.

मी एक काडी चिमटीत धरून दाखवली. "ही ओळखता? सुरूची. सुरूच्या बागेत गाडी उभी राहिली की या अशा साचतात. आणि एसीला मासळीचा वास. म्हणजे अर्नाळ्याचा किनारा."

"आम्ही अर्नाळ्याला गेलोच नाही, भाऊ. निदान वर्ष झालं."

"मग साहेब जात असतील. एखाद-दोनदा जाऊन एवढ्या काड्या साचत नाहीत. गाडी तिथे तासन् तास उभी असते."

"ते रोज अंधेरीला जातात," त्या म्हणाल्या. आवाजात जरा हसू होतं, मी काहीतरी चुकीचं सांगतोय असं.

इथे मी थांबायला हवं होतं. इतका वेळ जे बोललो ते न कळून बोललो होतो. म्हणता आलं असतं, सोसायटीत झाड असेल, कोणी मासळी नेली असेल. पण माझं वाचन खोटं ठरवलेलं मला सहन झालं नाही. मी दार उघडलं आणि कडेला चिकटवलेली मागच्या सर्व्हिसची चिठ्ठी दाखवली.

"हे बघा. मागच्या वेळी मी स्वतः आकडा लिहिलाय. सात महिने झाले. रोज अंधेरी केली असती तर चौदा-पंधरा हजार किलोमीटर पडले असते. मीटरवर बघा, पाच हजार पण नाहीत. ही गाडी अंधेरीला जात नाही, वहिनी."

त्यांनी चिठ्ठी वाचली. मग मीटर बघितला. मग परत चिठ्ठी. शाळेतल्या बाईंनी वहीतलं गणित तपासावं तसं त्यांनी ते दोनदा तपासलं. तोवर मला कळलं होतं मी काय केलं ते.

"जुना फिल्टर मला द्या," त्या म्हणाल्या.

"कशाला वहिनी, टाकायचाच आहे तो."

"द्या."

मी तो पेपरात गुंडाळून दिला. नवीन फिल्टर बसवले, ऑइल बदललं. जाताना गाडी मागे घेताना खांबाला घासली, तरी उतरून बघितलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला.

"भाऊ, अर्नाळ्यात म्हणजे नेमकं कुठे?"

मी विचारलं काय झालं. त्या सलग सांगत गेल्या. आदल्या संध्याकाळी निकम गावाहून आले. जेवणाच्या टेबलावर वहिनींनी तो फिल्टर ठेवला होता. निकमांनी तो बघितला आणि ते बाहेरच्या खोलीत जाऊन झोपले. सकाळी नेहमीसारखे डबा घेऊन निघाले. त्यानंतर फोन लागत नाही. वहिनींनी अंधेरीच्या ऑफिसात फोन केला, तर तिथली मुलगी म्हणाली, निकमसर सात महिन्यांपूर्वीच गेले, त्यांचं खातंच बंद झालं.

"मला भीती वाटतेय," त्या म्हणाल्या. "एकटीने जायची हिंमत होत नाही. कोणाला सांगणार? तुम्हालाच माहीत आहे."

मी शटर ओढलं आणि माझी जुनी व्हॅन काढली. त्यांना सोसायटीच्या फाटकातून घेतलं. पुलावरून पश्चिमेला उतरून आम्ही अर्नाळ्याच्या रस्त्याला लागलो. बराच वेळ त्या खिडकीबाहेर बघत होत्या. आगाशी गाव मागे पडल्यावर म्हणाल्या,

"मी सहाला उठून डबा करते. रोज रिकामा परत यायचा. मी विचारायचे, भाजी कशी झाली होती. ते सांगायचे, छान झाली होती, शिंदेंना पण आवडली." जरा थांबून म्हणाल्या, "शिंदे म्हणजे ऑफिसात यांच्या शेजारी बसायचे."

मी गिअर बदलत राहिलो.

सुरूच्या बागेत ती पांढरी गाडी मला लांबूनच दिसली. लॉक केलेली नव्हती. फोन समोर ठेवलेला, बंद. बाजूच्या सीटवर डबा, न उघडलेला. गाडीत कोणी नव्हतं. वहिनींनी दाराला धरलं. समोर एवढा मोठा समुद्र.

किनाऱ्याच्या बाजूला बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत होते आणि एक म्हातारी कोळीण ते उलटवत होती. मी तिच्याकडे धावत गेलो. गाडीकडे बोट करून विचारलं.

"त्यो गाडीवाला मानूस?" ती म्हणाली. "त्यो रोज येतो. कोनाशी बोलत नाय. आमी एकदा इचारलं, बाबा, तुजं कोन मेलंय काय. त्यो बोलला, नाय. मंग आमी परत नाय इचारलं."

"आज कुठे गेला, मावशी?"

"जातोय कुठं. त्या उलट्या होडीच्या आडोशाला बसलाय, सकाळधरनं. आज जेवला पन नाय."

मी हाताने खूण केली. वहिनींनी सीटवरचा डबा घेतला आणि त्या वाळूतून चालत निघाल्या. मी तिथेच उभा राहिलो. होडीच्या कडेने मला निकमांचा खांदा आणि अर्धी पाठ दिसत होती. त्या जाऊन शेजारी वाळूत बसल्या. निकमांनी मान वळवली नाही. खूप वेळ दोघंही समोर बघत होते. मग निकमांनी हात पुढे करून डबा त्यांच्या हातातून घेतला आणि आपल्या मांडीवर ठेवला. पुढे काय बोलणं झालं ते मला ऐकू येत नव्हतं, आणि ते ऐकायचा मला हक्कही नव्हता.

परत जायला त्यांची गाडी होती. माझं तिथे काही काम उरलं नव्हतं. निघताना सवयीने मी त्यांच्या बॉनेटवरच्या काड्या हाताने झाडल्या आणि व्हॅनमध्ये बसलो. दोघांपैकी कोणीही मागे वळून बघितलं नाही, आणि ते बरोबरच होतं. पण परतीच्या रस्त्यावर मला फार एकटं वाटलं. एका माणसाने सात महिने दिवसचे दिवस एकट्याने काढले होते आणि त्यातला प्रत्येक रविवार तो माझ्या बाकड्यावर बसला होता. मी त्याला काय विचारलं होतं? अ‍ॅव्हरेज काय देते गाडी. आणि तो म्हणाला होता, ठीक देते.

त्या संध्याकाळी रोजच्यासारखा सुनंदाचा फोन आला. मागे नातवंडांचा कालवा.

"जेवलाव का?" तिने विचारलं. "गॅरेजात गर्दी होती का आज?"

रोज मी सांगायचो, हो, जेवलो, भात-कालवण केलं होतं. गर्दी आहे, हात रिकामा नाही. त्या दिवशी मला ते सांगवेना.

"गर्दी नाय," मी म्हटलं. "किती दिवस झाले, गर्दी नाय. लोक कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जातात. दिवसाला एखादी गाडी येते. कालवण पन करीत नाय मी. पाव आनि चहा घेतो."

ती हळूच म्हणाली, "मंग इतके दिवस बोललाव का नाय?"

"काय बोलू. तुझी तिकडं दोन पोरं."

"मी येऊ का?"

मला हो म्हणायचं होतं. मी नको म्हटलं. ती आली नाही, पण तेव्हापासून दिवसातून दोन वेळा फोन करते आणि काय शिजवलं ते खोदून विचारते. खोटं सांगितलं तर तिला कळतं.

निकम महिन्याभराने एका रविवारी आले. मी बाकडं पुसलं. ते बसले नाहीत.

"पाटीलदादा, भिवंडीला एका गोदामात लागलोय," ते म्हणाले. "पगार कमी आहे, पण काम आहे."

"बरं झालं, साहेब."

"एक बोलायचं होतं." ते रस्त्याकडे बघत होते. "तुम्ही आधी मला विचारायला हवं होतं. तिला सांगायच्या आधी. कंपनीने निघताना दिलेली रक्कम पगार म्हणून घरी देत होतो, पण मी सांगणार होतो तिला. रोज सकाळी ठरवायचो, आज सांगायचं. ती डबा भरून द्यायची आणि माझ्याने होत नसे."

"चुकलं माझं," मी म्हटलं.

"नाही, तसं नाही. एका परीने बरंच झालं. पण ती त्या आठवड्यात मला म्हणाली, नोकरी गेली त्याचं काही नाही, पण मला परक्या माणसाकडून कळलं." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुम्ही परके नाही. पण तिला तसं वाटलं. म्हणून आता मला इथे येऊन बसायला बरं वाटत नाही."

मी चहा सांगू का विचारलं. ते नको म्हणाले. माझा हात हातात घेऊन थोडा वेळ उभे राहिले आणि गेले. त्यानंतर ते बाकड्यावर बसायला कधी आले नाहीत. भिवंडीचा रस्ता ट्रकांच्या धुळीने भरलेला असतो. त्यांची गाडी कधी नाक्यावरून जाताना दिसली की आवाजावरून मला कळायचं, फिल्टर भरलाय. पण थांबवून सांगणार कसं.

मी फिल्टर वाचणं तेव्हापासून सोडलं. म्हणजे डोळ्यांना दिसायचं ते दिसतंच. तोंडाने बोलणं सोडलं. गिऱ्हाइकाने विचारलं तर सांगतो, धूळ आहे, बदलायला झालाय. लोकांना वाटतं पाटील म्हातारा झाला, पूर्वीसारखा बोलत नाही.

मागच्या महिन्यात, शाळांना सुट्टी लागल्यावर, ती पांढरी गाडी परत दारात थांबली. या वेळी रस्त्याला अगदी सरळ. मेधावहिनी उतरल्या. हातात नव्या फिल्टरचं खोकं होतं.

"हा मी दुकानातून आणलाय," त्या म्हणाल्या. "कसा बसवायचा ते मला शिकवा. तुम्ही हात लावायचा नाही, फक्त सांगायचं."

मी सांगत गेलो, त्या करत गेल्या. इंजिन बंद करून थंड होऊ द्यायचं. बॉनेटला दांडी नीट लावायची. काळा डबा कुठला ते जाड नळीवरून ओळखायचं, ती नळी इंजिनाकडे जाते. चार क्लिपा, एकेक करून सोडायच्या, जोर लावायचा नाही, प्लास्टिक तुटतं. झाकण उचललं की जुना फिल्टर कसा बसला होता ते आधी डोळ्यांत भरून घ्यायचं, कारण नवा तसाच बसवायचा असतो. मग तो सावकाश उचलायचा, आपटायचा नाही, नाहीतर धूळ नळीत जाते.

त्यांनी फिल्टर उचलला आणि उन्हासमोर धरला. उजेडाचा एकही ठिपका दिसत नव्हता. दोघांनीही तो बघितला. मी काही बोललो नाही, त्यांनीही विचारलं नाही. मी ओलं फडकं दिलं. नळीच्या तोंडावर एक फडकं दाबून ठेवून त्यांनी डबा आतून पुसला. नवा फिल्टर ठेवला. रबराची कड सगळीकडून खाचेत बसली की नाही ते बोट फिरवून बघा, मी म्हटलं. त्यांनी फिरवलं. एका कोपऱ्यात उचललेली होती, ती त्यांनी स्वतःच दाबून बसवली. क्लिपा लावल्या. गाडी सुरू केली. इंजिनाचा आवाज मोकळा झाला होता, तो त्यांनाही कळला.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं. आता पुढच्या वेळी माझ्याकडे यायची गरज नाही."

हात धुऊन त्या निघतील असं मला वाटलं. त्या बाकड्यावर येऊन बसल्या. मी समोरून दोन चहा मागवले, कारण दुसरं काय करावं ते सुचेना. त्यांनी गॅरेजभर नजर फिरवली. खिळ्याला टांगलेला माझा एकच शर्ट, खिडकीत एकच ताट, एकच पेला. अडतीस वर्षांत शेकडो माणसं या बाकड्यावर बसून गेली. त्यांच्या गाड्या मी नळीनळीने ओळखतो. त्यांच्यापैकी कोणी मला माझ्याबद्दल काही विचारलं नव्हतं, आणि मीही कधी सांगितलं नव्हतं.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "तुमच्या घरी कोण कोण असतं?"

मी हातातलं फडकं खाली ठेवलं आणि त्यांच्या समोर स्टूल ओढून बसलो.